क्रोशेची तबकडी दर वेळी वाटी का होते?

सहा कोस्टरचा संच करायला घेतला होता. जुन्या एलपी रेकॉर्डसारखे, मधे लाल लेबल आणि भोवती काळी तबकडी. पहिला झाला तो वाटी. त्यात बटणं ठेवता आली असती. दुसरा मुद्दाम सैल हाताने विणला, तर त्याला परकराच्या घेरासारखी झालर आली. तिसरा हातात सपाट वाटला, पण टेबलावर ठेवून वर पेला ठेवला तर पेला डुगडुगायला लागला. चौथ्याची पुन्हा वाटी. ये रे माझ्या मागल्या.

गोल कोस्टर वाकडा झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: हात सैल ठेव, सुई एक नंबर मोठी घे. मी दोन्ही केलं. सुई ४ मिमीवरून ४.५ वर नेली, मग ५ वर. वाटी मोठी झाली, सपाट झाली नाही. हाताच्या ताणाचा दोष असतो, नाही असं नाही, पण नव्याने शिकणाऱ्याच्या बाबतीत तो सहसा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असतो. पहिल्या नंबरवर मोजणी. आणि रेकॉर्डच्या कोस्टरमध्ये मोजणी चुकण्याचं एक खास कारण आहे, जे फुलांच्या किंवा फळांच्या कोस्टरमध्ये नसतं: तबकडी काळी असते.

त्याकडे येते. आधी सपाट गोल मुळात कसा होतो ते बघू, नाहीतर पुढचं सगळं घोकंपट्टी वाटेल.

सहाचा पाढा

गोल सिंगल क्रोशेने विणायचा असतो. काही जणी त्याला मुका खांब म्हणतात. तोच तो, आखूड टाका. पहिल्या फेरीत ६ टाके, आणि पुढे प्रत्येक फेरीत बरोबर ६ वाढवायचे. वाढवायचे म्हणजे सहा ठिकाणी एकाच टाक्यात दोन टाके घालायचे. साही दुणे बारा, साही त्रिक अठरा, साही चोक चोवीस. पुढे ३०, ३६, ४२, ४८ आणि नवव्या फेरीला ५४.

सहाच का? प्रत्येक फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते. परीघ त्रिज्येच्या २π पट, म्हणजे साधारण ६.२८ पट. सिंगल क्रोशेचा टाका जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, त्यामुळे दर फेरीला परिघावर सहा-सव्वासहा टाक्यांची जागा नव्याने तयार होते. ती सहा टाक्यांनी भरली की गोल सपाट बसतो. कमी भरली की काठ आवळतो, मधला भाग फुगतो आणि वाटी होते. जास्त भरली की काठाला जागा पुरत नाही आणि तो वर-खाली लाटा मारतो. खांबाचा (अमेरिकन नावाने डबल क्रोशेचा) टाका सिंगल क्रोशेच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून त्याला १२ वाढी लागतात. अर्ध्या खांबाला ८.

मध्यम जाडीचा सुती दोरा आणि ४ मिमीची सुई घेतली तर नऊ फेऱ्यांत कोस्टर सुमारे १० सेंमीचा होतो. इथे एक गंमत आहे. १२ इंची एलपीचा व्यास ३० सेंमी आणि तिच्यावरचं कागदी लेबल १० सेंमी, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. नऊ फेऱ्यांतल्या पहिल्या तीन लाल आणि उरलेल्या सहा काळ्या केल्या की प्रमाण आपोआप खऱ्या रेकॉर्डचं येतं. बरेच जण लेबल पाच फेऱ्यांचं करतात आणि मग ते रेकॉर्डऐवजी डोळ्यासारखं का दिसतं म्हणून हैराण होतात.

आता निदान. कोस्टर टेबलावर ठेवा आणि बघा की तो कुठल्या फेरीपासून बिघडायला लागला. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच वाटी दिसत असेल तर चूक मोठी आहे, बहुधा टाकाच वेगळा घातला गेलाय. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत ठीक आणि मग हळूहळू वळत गेला असेल, तर दर फेरीला एखादा टाका गळतोय. शेवटची फेरीच फक्त उभी राहिली असेल तर ती काठाची गोष्ट आहे, बाकी कोस्टर निर्दोष.

काळा दोरा

माझा चौथा कोस्टर घेऊन मी मावशीकडे गेले. तिने तो अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून एकदा गोल फिरवला आणि विचारलं, "मोजलेस का?" मी म्हटलं, मोजलेत. ती म्हणाली, "परत मोज. बघून नको, सुईने मोज."

म्हणून पांढऱ्या दोऱ्याची शिवणाची सुई घेतली आणि चौथ्या फेरीच्या प्रत्येक टाक्याच्या डोक्यातून तो दोरा ओवत गेले. २४ हवे होते. २२ निघाले. डोळ्यांनी मोजताना तिन्ही वेळा २४च आले होते, कारण मनात २४ हाच आकडा होता. काळ्या विणीत टाक्यांची डोकी एकमेकांत मिसळतात. दोन टाक्यांच्या मधली सावली आणि टाक्याच्या आतली सावली सारखीच दिसते, आणि डोळा जे हवं ते मोजून मोकळा होतो. दोन गळालेले टाके कुठे होते तेही त्या पांढऱ्या दोऱ्याने दाखवलं. एका ठिकाणी वाढ करायची राहिली होती. दुसरा टाका फेरी जुळवताना गिळला गेला होता, आणि ही जागा इतकी बदमाश आहे की तिच्यासाठी पुढे वेगळं लिहिते.

एक टाका गळाला तर काय बिघडतं, असं वाटतं. पण चौथ्या फेरीपासून नवव्यापर्यंत दर फेरीला एक गळाला तर शेवटी ५४ऐवजी ४८ राहतात. ४८ म्हणजे आठव्या फेरीचं माप. नवव्या फेरीच्या जागेवर आठव्या फेरीचा काठ बसवला तर तो आत खेचणारच. वाटी होण्यासाठी एवढं पुरतं.

म्हणून माझा पहिला आणि थोडा नावडता सल्ला: पहिली तबकडी काळी करू नका. फिकट राखाडी, फिकट निळा, काहीही घ्या ज्यात टाका स्पष्ट दिसतो. एक कोस्टर त्या रंगात सपाट जमला की मग काळ्याकडे वळा. ज्यांना एवढा धीर नाही (मला नव्हता), त्यांनी किमान गडद करडा घ्यावा. लाल लेबलाच्या शेजारी तो काळाच वाटतो आणि टाके निम्म्याने जास्त दिसतात.

काळाच घ्यायचा असेल तर मांडीवर पांढरं कापड पसरा. विणीच्या भोकांमधून पांढरं दिसलं की टाके सुटे सुटे दिसायला लागतात. दिवा डोक्यावरचा नको, बाजूने येणारा हवा. तिरप्या उजेडात प्रत्येक टाक्याच्या डोक्यावरची साखळी उठून दिसते. आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली युक्ती: फिकट दोऱ्याचे बोटभर लांबीचे सहा तुकडे कापून ठेवा आणि दर फेरीत जिथे वाढ केली त्या टाक्यात एकेक अडकवा. मग अख्खी फेरी मोजायची गरजच नाही. दोन तुकड्यांच्या मधे दर ठिकाणी सारखेच टाके आहेत का, एवढं बघायचं. पाचव्या फेरीत दोन खुणांच्या मधे, वाढीचे टाके सोडून, तीनच साधे टाके हवेत. कुठे दोन किंवा चार दिसले की चूक तिथेच, त्याच फोडीत. अख्खी फेरी उसवायची वेळ येत नाही.

रात्री काळा दोरा हातात घेऊ नका, हे सांगायची गरज नाही. तरी सांगते.

फेरी जुळते तिथे

बऱ्याच कृतींमध्ये प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने जुळवायला सांगतात: पहिल्या टाक्यात सुई घाल, दोरा ओढून घे, एक साखळी, पुढची फेरी. नवशिक्याचे सगळ्यांत जास्त टाके इथेच हरवतात किंवा वाढतात.

होतं असं. स्लिप स्टिच घातल्यावर फेरीचा पहिला टाका तिच्याखाली थोडा दबतो. नव्या फेरीचा पहिला टाका कुठे घालायचा ते कळत नाही. कोणी दबलेला टाका सोडून पुढच्यात घालतं, एक टाका कमी. कोणी फेरी संपताना स्लिप स्टिचलाच टाका समजून तिच्यातही घालतं, एक टाका जास्त. पहिल्या प्रकाराने वाटी होते, दुसऱ्याने झालर. आणि एकाच कोस्टरमध्ये दोन्ही चुका आलटून पालटून झाल्या तर आकडा जुळतो पण कोस्टर एका बाजूला कलतो. माझा तिसरा कोस्टर, ज्यावर पेला डुगडुगत होता, तो हाच.

उपाय दोन. जुळवूनच विणायचं असेल तर फेरीतला पहिला टाका घातला की लगेच, दुसरा घालायच्या आधी, त्याच्या डोक्यात खुणेचा दोरा अडकवा. फेरी संपताना खूण असलेल्या टाक्यात जुळवा, आणि नव्या फेरीचा पहिला टाकाही त्यातच घाला. स्लिप स्टिचला हात लावायचा नाही.

मला दुसरा उपाय जास्त आवडतो: जुळवायचंच नाही. सर्पिल विणत जायचं, एका फेरीतून सरळ पुढच्या फेरीत. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला पांढऱ्या दोऱ्याची एक खूण वर वर सरकवत न्यायची. यात शिवणीची रेघ येत नाही, आणि शिवाय हे रेकॉर्डला शोभतं. एलपीवर दिसतात त्या खाचा वेगवेगळ्या वर्तुळांच्या नसतात. एका बाजूला एकच खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. आपण आतून बाहेर जातो, एवढाच फरक.

नाव एक, टाका दुसरा

हे ज्यांनी इंग्रजी कृती वाचून विणलं त्यांच्यासाठी. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश कृतीत 'डबल क्रोशे, दर फेरीला ६ वाढी' असं लिहिलेलं असतं आणि आपण भाबडेपणाने खांब घालत सुटतो. खांबाला हव्या १२, आपण देतो ६. तिसऱ्या फेरीलाच खोल वाटी तयार. ओळखायची खूण सोपी: कृतीत कुठेही 'सिंगल क्रोशे' हा शब्द आला असेल तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश यादीत हे नावच नाही.

मोजणी बरोबर, तरी वाटी

इथवर आलात आणि पांढऱ्या दोऱ्याने मोजूनही आकडे पाढ्याप्रमाणे येतायत, तर आता हाताकडे बघायला हरकत नाही.

टाका घालताना सुई टाक्यात घालून दोरा वर ओढतो, त्या क्षणी बघा. काही जणी तो फास उंच ओढतात, काही जणी खाली खेचून घट्ट करतात. उंच ओढला की टाका रुंदीपेक्षा उंच होतो आणि मग सहा वाढी त्याला कमी पडतात. हा हात बदलायचा प्रयत्न करून बघा, पण जमत नसेल तर हाताशी भांडू नका. सुरुवातच ७ टाक्यांनी करा आणि दर फेरीला ७ वाढवा. सातचा पाढा कोणी म्हणायला बंदी केलेली नाही. याच्या उलट, मोजणी बरोबर असून काठ लाटा मारत असेल तर मधेच एक फेरी वाढीविना विणा, आणि पुढच्या फेरीपासून दोन वाढींमधलं अंतर आधी होतं तिथूनच पुढे मोजा. लाटा बसतात.

दुसरी गोष्ट खाचांची. रेकॉर्डवर रेघा दिसाव्यात म्हणून काळ्या भागात टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात सुई घालतात. पुढचा धागा मोकळा राहतो आणि त्याची गोल कंगोऱ्यासारखी रेघ उठते. दिसतं फार छान. पण मागच्या धाग्यात घातलेला टाका नेहमीपेक्षा जरा ताणतो, जरा उंच होतो, म्हणजे पुन्हा तेच, सहा वाढी अपुऱ्या. लेबल सपाट आणि काळा भाग सुरू झाला की वळायला लागला, असं ज्यांचं होतं त्यांनी आधी हे तपासावं. मी सगळ्या फेऱ्या तशा न विणता एकाआड एक विणते: पाचवी, सातवी, नववी मागच्या धाग्यात आणि मधल्या दोन्ही धाग्यांत. रेघा पुरेशा दिसतात, उलट दोन रेघांमध्ये अंतर पडल्याने गाणी वेगवेगळी असल्यासारखं वाटतं.

तिसरं, काठ. शेवटी नीटनेटकं दिसावं म्हणून स्लिप स्टिचची एक फेरी घालायला सांगतात आणि ती फेरी हमखास घट्ट येते. पिशवीच्या नाडीसारखी ती सगळा गोल आवळते. त्या एका फेरीपुरती अर्धा ते एक नंबर मोठी सुई घ्या. किंवा ती फेरी सोडून द्या. रेकॉर्डला काठावर वेणी नसते.

दमलेल्या हाताने विणलेल्या फेऱ्याही घट्ट येतात हेही खरं. सातवी फेरी संध्याकाळी आणि आठवी दुसऱ्या सकाळी विणली की फरक डोळ्यांना दिसतो.

गोल नाही, षटकोन झालाय

सपाट आहे, आकडे बरोबर आहेत, पण तबकडीला सहा कोपरे आलेत. ही चूक नाही, सवय आहे. दर फेरीत वाढ आधीच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर बसत गेली की तिथे कोन तयार होतो. फुलाच्या कोस्टरला चालेल, रेकॉर्डला नाही.

सम फेऱ्यांमध्ये वाढ अर्ध्या अंतराने सरकवायची. चौथ्या फेरीत नेहमी 'दोन साधे, एक वाढ' असं सहा वेळा करतो. त्याऐवजी सुरुवातीला एकच साधा टाका, मग वाढ, मग 'दोन साधे, एक वाढ' पाच वेळा, आणि शेवटी उरलेला एक साधा. बेरीज २४च. सहाव्या फेरीत सुरुवातीला दोन साधे, वाढ, मग 'चार साधे, एक वाढ' पाच वेळा, शेवटी दोन साधे, म्हणजे ३६. आठव्यात तीनाने सुरुवात, 'सहा साधे, एक वाढ', शेवटी तीन, ४८. विषम फेऱ्या जशाच्या तशा. कोपरे गायब होतात.

फक्त सहा खुणांची युक्ती वापरत असाल तर सम फेरीत पहिली फोड अर्धी असेल हे लक्षात ठेवा. मी एकदा विसरले आणि बरोबर विणलेली फेरी उसवली.

लाल आणि काळ्याची सीमा

सर्पिलात रंग बदलला की सीमेवर एक पायरी येते, लाल वर्तुळाला दात आल्यासारखी. खऱ्या लेबलाची कड इतकी साफ असते की हा दात लगेच टोचतो.

मी लेबलापुरतं सर्पिल थांबवते. तिसऱ्या फेरीचे १८ टाके झाले की दोरा वीतभर ठेवून कापते आणि फासातून पूर्ण बाहेर ओढते. मग बोथट सुईत ओवून, पहिला टाका सोडून दुसऱ्या टाक्याच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई नेते, आणि जिथून दोरा बाहेर आला होता त्याच शेवटच्या टाक्याच्या डोक्यात परत घालते. पहिल्या टाक्यावर एक खोटी साखळी बसते आणि वर्तुळ बंद होतं. सुई दुसऱ्याऐवजी पहिल्या टाक्याखालून नेलीत तर खोटी साखळी जास्तीचा टाका बनते. १९. मग काळ्या भागात काहीही करा, आकडा जुळत नाही. माझ्या पाचव्या कोस्टरला हेच झालं: सगळं नीट, खुणा लावलेल्या, आणि नवव्या फेरीला ५४च्या जागी ५५. पहिले पाढे पंचावन्न म्हणतात ते इतकं शब्दशः माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

काळा दोरा लेबलाच्या बंद केलेल्या जागेपासून लांब, वेगळ्या टाक्यात सुरू करा. दोन्ही टोकं एकाच ठिकाणी आली की तिथे गाठोडं होतं आणि पेला तिथेच कलतो. टोकं ज्या त्या रंगातच मुरवा. काळं टोक लाल टाक्यांखालून नेलं तर ते आतून दिसत राहतं.

मधलं भोक

मॅजिक रिंगने (ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या फासाने) सुरुवात केली असेल तर दोन-तीन धुण्यांनंतर मधलं भोक उघडायला लागतं. टोक एकाच दिशेने ओवून कापलं की असंच होतं. रिंग आवळून टोक एकदा गोल फिरवून आणा, मग उलट दिशेने परत न्या, आणि मग कापा.

रेकॉर्डला भोक असतंच ना, मग राहू दे की, असं मला वाटलं होतं. एलपीचं भोक जेमतेम ७ मिमीचं असतं. कोस्टरच्या मापात ते २-३ मिमी होईल, म्हणजे न ठेवल्यासारखंच. १९४९ मध्ये आलेल्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या ७ इंची रेकॉर्डला मात्र दीड इंचाचं मोठं भोक असायचं. ते प्रमाणात करून बघितलं, चांगलं २ सेंमीचं. दिसायला झकास. थंड पेल्याचं सगळं पाणी त्यातून टेबलावर. भोक बंद करा आणि वर काळ्या दोऱ्याने दोन आडवे-उभे टाके घाला. फ्रेंच नॉट (भरतकामातली गोळीसारखी गाठ) नको. तिचा उंचवटा पेल्याच्या बुडाला लागतो.

पाणी लावून सरळ होईल का

थोडा बाक असेल तर होईल. सुती कोस्टर ओला करून, टॉवेलमध्ये दाबून, टाचण्यांनी गोल ताणून वाळू द्या. जेमतेम वळलेला काठ बसतो. मोजणी चुकलेली वाटी बसत नाही. ती टाचण्या काढल्यावर दोन दिवस शहाण्यासारखी वागते आणि पहिल्या धुण्याला मूळ पदावर येते.

दोरा सुतीच हवा, त्याचं कारण फक्त ताणाचं नाही. अॅक्रेलिक पाणी शोषत नाही, आणि खूप गरम भांडं ठेवलं तर ते मऊ पडून विद्रूप होऊ शकतं. इस्त्रीची वाफ तर त्याला अजिबात मानवत नाही. लाल आणि काळा शेजारी असल्याने रंग आधी तपासा: दोन्ही दोऱ्यांचे तुकडे ओले करून पांढऱ्या कापडात घट्ट दाबून ठेवा. कापडावर डाग आला तर लेबल पांढरं किंवा पिवळं करायचा बेत सोडून द्या.

जाता जाता कॅसेट

ज्यांना गोलाचा कंटाळा आलाय ते कॅसेट विणायला घेतात. १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेली ती कॅसेट साधारण १० सेंमी लांब आणि ६.४ सेंमी रुंद. खऱ्या मापाची विणलीत तर कपाचं बूड दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. रुंदी ८पर्यंत न्या, ओळखू येते. कॅसेटची नेहमीची तक्रार म्हणजे आयत वर निमुळता होत जातो, आणि कारण पुन्हा हरवलेला टाका. ओळीचा शेवटचा टाका, वीण उलटवताना घातलेल्या साखळीशेजारी लपतो. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात खूण लावा. तीही बहुधा काळीच विणताय, तेव्हा मांडीवरचं पांढरं कापड राहू द्या.

माझा संच सहाचा झाला. पहिल्या वाटीत खुणेचे दोरे ठेवते. पंचावन्नवाला पाचवा कोस्टर वापरात आहे. जास्तीचा टाका कुठे आहे ते मला माहीत आहे, पण पेला ठेवला की तो दिसत नाही.